पाण्याखालचं शिवार

विहिरीचा कठडा जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर होता. काकांनी त्याच्यावर एक पाय ठेवला, हात कमरेला लावला आणि म्हणाले, "एवढा उंच हुता बघा ह्यो. लहानपणी वर चढायचं तर कुणीतरी खालनं ढकलायला लागायचं."

२०२४च्या मे महिन्याचा मध्य. इंदापूर तालुक्यातल्या एका गावाच्या खालच्या अंगाला, उजनी धरणाच्या तळात आम्ही उभे होतो. चारी बाजूंना भेगाळलेला गाळ, त्यात रुतलेले शिंपले, फाटक्या जाळ्यांचे तुकडे. लांबवर पाण्याची एक चकाकती पट्टी दिसत होती. तिथपर्यंत मोटारींच्या काळ्या केबली आणि पाइप सापासारखे पसरले होते. पाणी मागे हटलं की शेतकरी मोटार पुढे सरकवतो, तेवढ्यानं भागेना की पोकलेन लावून चारी खोदतो आणि पाणी मोटारीपर्यंत आणतो. त्या दिवशी अशा दोन चाऱ्यांचं काम चालू होतं.

या अंकासाठी संपादकांनी एकच शब्द दिला होता: तळ. त्यावर काय लिहायचं याचा विचार करताना मला उजनीच आठवली, कारण महाराष्ट्रात तळावरून एवढी चर्चा दुसऱ्या कुठल्या धरणाची होत नसावी. आणि तरी हा तळ नेमका कसा आहे, कुठे खोल आहे, कुठे उथळ, कुठे गाळानं भरला आणि कुठे उघडा पडला, हे काठावरच्या माणसाला विचारलं तर तो फार तर आपल्या बांधापुरतं सांगू शकतो.

काका त्यांच्या बांधापुरतं सांगत होते. वय पासष्टीच्या आसपास. धरणात गाव गेलं तेव्हा ते शाळकरी होते. ही विहीर त्यांच्या वडिलांची. मी विचारलं, "मग हा कठडा खचला का?" ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मोटारीच्या पेटीजवळ पडलेली एक लोखंडी सळई त्यांनी आणली आणि कठड्याला लागून गाळात दाबली. वरची पापुद्र्यासारखी कडक साय फुटल्यावर सळई ओल्या गाळात सरसर उतरली आणि अडीच फुटांवर टणकन थांबली. "हितं आमची जमीन," काका म्हणाले. "कठडा हाय तितंच हाय. शिवार वर आलंय."

मी त्या जागेची खूण मोबाइलच्या नकाशात साठवून ठेवली.

मायनसमध्ये गेलेलं धरण

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा कसा आहे ते तापमानावरून सांगत नाहीत, "उजनी किती मायनस?" असं विचारतात. चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या गेटवर, एसटीत हाच प्रश्न. त्या मेमध्ये उत्तर होतं उणे पन्नासच्या आसपास; जूनच्या सुरुवातीला ते उणे साठच्या जवळ गेलं.

बाहेरच्या माणसाला याचा अर्थ लागत नाही. धरण रिकामं झालं तर शून्य टक्के, शून्याच्या खाली ते कसं जाईल? कारण शून्य तळावर नाही, तळाच्या बऱ्याच वर आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पूर्ण भरल्यावर त्यात ११७ टीएमसी पाणी मावतं असं धरलेलं आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. या ११७ पैकी ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.६५ टीएमसी मृत साठा. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी 'मृत' आहे. समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटरच्या वर पाणी असेल तर ते उपयुक्त, त्याखाली उतरलं की उजनी मायनसमध्ये. वरची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर. पाच मीटर ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे दोन मजलीही नाही अशा उंचीच्या थरात ते ५३ टीएमसी पसरलेलं आहे.

उजनीचं सारं स्वरूप या एका गोष्टीत आहे. कोयनेसारखं हे दरीतलं धरण नव्हे. सपाट माळावर पसरलेली ही परात आहे. काठोकाठ भरल्यावर दारांच्या आधारानं आणखी अर्धा मीटर पाणी अडवतात, तेव्हा साठा १२३ टीएमसीवर जातो आणि वर्तमानपत्रात 'उजनी १११ टक्के' असा मथळा येतो. अर्ध्या मीटरमध्ये सहा टीएमसी! हिशेब केला तर त्या पातळीला एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ३४० कोटी लिटर. माणशी रोज १३५ लिटर धरले तर दहा लाख वस्तीच्या शहराला ते पंचवीस दिवस पुरतं. नखाच्या रुंदीएवढ्या पाण्यात एका शहराचा जवळपास महिना.

आता हे टीएमसी कोण मोजतं? खरं तर कुणीच नाही. मोजली जाते ती फक्त पातळी. धरणाच्या भिंतीजवळच्या मोजपट्टीवर रोज सकाळी आकडा वाचतात आणि तो एका कोष्टकात शोधतात. अमुक पातळीला पाण्याखाली एवढं क्षेत्र, एवढा साठा, असं ते कोष्टक सांगतं. रोजचं पत्रक, कालवा सल्लागार समितीतली वादावादी, आवर्तन किती दिवसांचं, सोलापूरला नदीतून पाणी कधी सोडायचं, सगळं त्या कोष्टकावर उभं असतं.

असं कोष्टक मुळात येतं ते धरण बांधण्याआधी केलेल्या जमिनीच्या मोजणीतून. दुर्बीण, मोजपट्ट्या, साखळी घेऊन माणसं शिवाराशिवारातून फिरली, उंचसखल टिपलं, समान उंचीच्या रेषा काढल्या आणि प्रत्येक रेषेपर्यंत पाणी आलं तर किती मावेल याचा हिशेब मांडला. त्या नकाशात काकांच्या वडिलांची जमीन होती. आज तिच्यावर अडीच फूट गाळ आहे. जिथे पाणी मावेल असं कागद म्हणतो, तिथे माती बसली आहे.

उणे साठ टक्क्यांवरही कागदाप्रमाणे उजनीत ३१ टीएमसीहून थोडं जास्तच पाणी शिल्लक होतं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी आहे, त्याहून हे जास्त. मग त्या तळातल्या ३१ पैकी खरं पाणी किती आणि गाळ किती? दुष्काळात माणसं भांडतात ती या प्रश्नावर, फक्त प्रश्नाचं नाव कुणी घेत नाही.

गाळ कुठे बसतो

गाळाबद्दल आपल्याकडे एक समजूत पक्की आहे: गाळ भिंतीपाशी, सगळ्यात खोल जागी जाऊन बसतो, तो मृत साठ्यात मावतो आणि वरच्या उपयुक्त पाण्याला त्याचा त्रास नाही. मृत साठा राखला जातो त्यामागे गाळाला जागा हा एक विचार असतोच. पण नदी हा विचार करून वाहत नाही.

पुरात भीमा माती, वाळू, पोयटा घेऊन येते. जोर आहे तोवर ती सगळं वाहून नेते. जलाशयाच्या शेपटाशी तिला थांबलेलं पाणी भेटतं आणि तिचा वेग मोडतो. वेग मोडला की ओझं सुटतं. आधी वाळू पडते, मग जाडा गाळ, आणि अगदी बारीक चिकणमाती तेवढी तरंगत पुढे भिंतीपर्यंत पोचते. म्हणजे भर पडते ती सगळ्यात आधी जलाशयाच्या डोक्याशी, उथळ पाण्यात, उपयुक्त साठ्याच्या थरात. तिथे तयार होणारा गाळाचा उंचवटा वर्षागणिक पुढे सरकत राहतो.

उजनीत यात आणखी एक गुंतागुंत आहे. इथली पातळी दरवर्षी कितीतरी मीटर वरखाली होते. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ जूनच्या पहिल्या लोंढ्यात पुन्हा कापला जातो आणि आणखी खोल जाऊन बसतो. वर, पुणे जिल्ह्यात भीमेच्या उपनद्यांवर कितीतरी धरणं आहेत, ती आपापल्या वाट्याचा गाळ अडवतात. जी खोरी अडलेली नाहीत, तिथला गाळ सरळ खाली येतो. मुळा-मुठा आणि इंद्रायणी पुणे-पिंपरीचं सांडपाणी घेऊन येतात, त्यातलं पुष्कळसं या बारीक मातीला चिकटून तळाशी बसतं. त्यामुळे गाळ किती, एवढंच विचारून भागत नाही. कुठे किती आणि कसला, हे विचारावं लागतं.

भिगवणजवळ, कुंभारगावच्या काठावर याचं दुसरं रूप दिसतं. तिथे पाणी गुडघाभर, खाली मऊ चिखल. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात ते याच चिखलासाठी. वाकडी चोच उलटी करून पाण्यात घालतात आणि चिखलपाण्यातून बारीक जीव गाळून घेतात. खोल पाणी त्यांच्या कामाचं नाही. सोलापूरच्या दृष्टीनं जो गाळ म्हणजे गमावलेला साठा, तोच त्यांचं ताट. इथल्या होडीवाल्यांचं चार महिन्यांचं पोट या पक्ष्यांवर चालतं. "गाळ काढा" ही घोषणा सगळीकडे सारखीच लागू केली, तर नेमकं हेच ताट पहिल्यांदा उचललं जाईल, कारण काठाजवळचा उथळ गाळ काढायला सगळ्यात सोपा असतो.

त्या काठावर मासळीचा काटा लावून बसलेल्या एका मावशींना मी विचारलं, जाळी कुठे लावायची हे कसं ठरवता? त्यांनी पाण्याकडे हात करून जागा सांगायला सुरुवात केली. चिंचमळा. पाटलाची पट्टी. जुनी पांद. वढ्याचं तोंड. मी पाहत होते तिथे सपाट, एकसारखं पाणी होतं. त्या पाहत होत्या तिथे पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं शिवार होतं. चिंचमळ्यात झाडांचे बुडखे आहेत, जाळं फाटतं. वढ्याच्या तोंडाशी वाम मिळते. चिलापी उथळात. धरणग्रस्तांनी सांगितलेली ही नावं कोळी-भोयांच्या पुढच्या पिढीनं उचलली, ती पाण्यावर आजही चालतात. उजनीच्या तळाचा हा पहिला नकाशा, आणि तो अजून कुणी कागदावर उतरवलेला नाही.

आवाजाची काठी

सप्टेंबरच्या अखेरीस मी पुन्हा गेले. तोवर ऑगस्टच्या पावसात धरण भरून गेलं होतं. मेमध्ये जिथे पोकलेन फिरत होता, तिथे आता लाटा होत्या. जलाशयाच्या एका पट्ट्याची खोली मोजणाऱ्या तिघांच्या चमूनं मला त्यांच्या होडीत जागा दिली. काकांनाही मी बरोबर घेतलं होतं.

मोजणी भरल्या धरणातच करतात, कारण पाणी जितकं पसरलेलं तितका जास्त तळ होडीतून गाठता येतो. साहित्य पाहून मला नवल वाटलं, एवढं ते थोडं होतं. होडीच्या कडेला खांबाला बांधून पाण्यात बुडवलेला एक गोळा, नारळाएवढा. त्याच खांबाच्या माथ्यावर उपग्रहांकडून जागा टिपणारा अँटेना. एक बॅटरी, एक लॅपटॉप आणि त्यावर ऊन पडू नये म्हणून धरलेली छत्री.

गोळा खालच्या दिशेनं आवाज सोडतो. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा तो आवाज तळाला लागून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, म्हणजे साडेसात मीटर खोल जाऊन परत यायला त्याला शंभरावा भाग सेकंद पुरतो. जायला-यायला लागलेला वेळ मोजला की खोली मिळते. कोळ्याच्या हातातल्या बांबूचंच हे काम, फक्त काठी आवाजाची.

पण काठी सरळ धरली तरच माप बरोबर येतं. सकाळचा पहिला तास चमूनं मोजणी केलीच नाही. गोळ्याच्या खाली एक लोखंडी ताट दोरांनी टांगलं, दोन मीटरवर, चार मीटरवर, सहा मीटरवर, आणि यंत्र तेवढाच आकडा दाखवतं का हे पाहिलं. पाणी गरम असेल तर आवाज जरा जोरात धावतो, गार असेल तर हळू; तेवढी दुरुस्ती केली. गोळा पाण्यात किती बुडाला आहे तेही मोजून मिळवलं. चमूची प्रमुख असलेली तरुण इंजिनिअर म्हणाली, "पाच सेंटिमीटरची चूक एका जागी काहीच नाही. पण तीच चूक सगळीकडे झाली तर उजनीत अर्धा टीएमसी इकडचा तिकडे होतो." मी मनात गुणाकार करून पाहिला, तिचं बरोबर होतं.

मग होडी नांगरासारखी चालू लागली. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, तिथे वळून काही अंतर सोडून पुन्हा सरळ. नदीच्या जुन्या पात्राला आडव्या अशा समांतर ओळी. शेवटी त्या सगळ्या ओळींना छेदणाऱ्या दोन-तीन ओळी. जिथे दोन ओळी एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही वेळची खोली जुळली पाहिजे. नाही जुळली तर कुठेतरी चुकलं.

काम किती मोठं आहे ते पाहा. तीनशे चौरस किलोमीटरच्या जलाशयात शंभर-शंभर मीटरवर ओळी घ्यायच्या तर तीन हजार किलोमीटर होडी चालवावी लागेल. दिवसाला चाळीस किलोमीटर धरले तर पंचाहत्तर दिवस, तेही वारा शांत असेल तर. दुपारी वारा सुटला की लाटेबरोबर गोळा कलतो आणि आवाज तिरपा जातो. जलपर्णीचा तांडा आडवा आला की ओळ तिथेच तुटते. गुडघाभर पाण्यात होडी जात नाही. तिथे माणूस उतरून, हातात दांडा धरून, चिखल तुडवत मोजतो. एका फटक्यात रुंद पट्टा टिपणारी यंत्रंही आहेत, पण त्या पट्ट्याची रुंदी खोलीवर ठरते. उथळ पाण्यात पट्टा एवढा अरुंद होतो की पैसे खर्चून फारसं हाती लागत नाही. हिरवा लेझर विमानातून सोडून खोली मोजता येते, पण त्याला नितळ पाणी लागतं. उजनीचं पाणी नितळ नाही.

दुष्काळ नावाचा मोजणीदार

दुसरी पद्धत आकाशातून. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सगळे 'मेरी' म्हणतात, उपग्रहांच्या चित्रांवरून राज्यातल्या जलाशयांमधला गाळ वर्षानुवर्षं मोजत आली आहे. त्यामागची कल्पना सुंदर आहे. उपग्रहाला खोली दिसत नाही, पण पाण्याची कड दिसते. ज्या दिवशी चित्र घेतलं त्या दिवशीची पातळी मोजपट्टीवर लिहिलेली असतेच. म्हणजे ती कड ही त्या उंचीची जमिनीवर ओढलेली रेषा झाली. धरण उतरत जातं तशा एकाखाली एक रेषा मिळत जातात. त्यांच्यामधलं क्षेत्र मोजा, जुन्या कोष्टकाशी ताडून पाहा. क्षेत्र जेवढं आक्रसलं तेवढी जागा गाळानं घेतली.

हे स्वस्त आहे, वेगवान आहे आणि त्याला एक मोठी मर्यादा आहे. पाणी ज्या पातळीच्या खाली उतरतच नाही, तिथलं आकाशातून काही दिसत नाही. बहुतेक धरणांना ती अडचण फारशी जाणवत नाही, कारण मृत साठा लहान असतो. उजनीत मात्र अर्ध्याहून जास्त पाणी मृत साठ्यात आहे. म्हणून २०२४ सारखं वर्ष, ज्यानं सोलापूरच्या लोकांचे हाल केले, तेच तळ पाहण्याची संधीही देऊन जातं. पळसदेवचं पळसनाथाचं प्राचीन मंदिर पाण्याबाहेर आलं, लोक ते पाहायला गर्दी करू लागले, तेव्हा उपग्रहालाही एरवी न दिसणाऱ्या रेषा दिसत होत्या. दुष्काळ हा इथला फुकटचा मोजणीदार आहे. त्याच्या मागे वही घेऊन उभं राहायला हवं, एवढंच. तोही जिथे पोचत नाही, त्या शेवटच्या खोलीसाठी होडीच लागते.

मोजणी जुनी राहिली तर काय होतं हे समजायला गोदावरीकडे पाहावं. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४चा आदेश आहे. दरवर्षी नाशिक-नगर आणि मराठवाडा त्या एका टक्क्याकडे डोळे लावून बसतात. पण टक्का काढायला खाली भाजक लागतो. तो भाजक म्हणजे धरणाची क्षमता, म्हणजेच तळाचा आकार. तळ बदलला आणि भाजक तोच राहिला, तर दोन्ही बाजूंचे शेतकरी मनापासून भांडतात, पण भांडतात ते अशा पाण्यावरून जे कदाचित तिथे नाही. मोजणीनं भांडण मिटेल असं मी म्हणत नाही. पण निदान ते खऱ्या पाण्यावरून होईल.

नकाशा कोणाच्या हातात

माझी पहिली फेरी होऊन थोडेच दिवस झाले होते. २१ मे २०२४ला करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. त्यांना शोधायला जवानांना पाण्याखाली जावं लागलं. या जलाशयात रोज माणसं, मोटारसायकली, शाळेची पोरं होडीतून ये-जा करतात, कारण रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो. वारा नकाशानं थांबत नाही. पण कुठे पाणी खोल आहे, कुठे बुडालेली झाडं आहेत, वाऱ्याची चाहूल लागली तर जवळचा उथळ काठ कुठला, हे त्या होडीवाल्याला माहीत असणं आणि नसणं यांत फरक आहे. शोधणाऱ्यालाही तो फरक कळतो.

तळाचा नकाशा म्हटला की तो अभियंत्याच्या कपाटातला कागद, असं आपण धरून चालतो. मला तो आणखी चार हातांत दिसतो. गाळपेर करणाऱ्याच्या हातात: पाणी अमुक पातळीला उतरलं की आपल्या वाट्याची जमीन कधी उघडी पडेल आणि पुन्हा बुडायच्या आत कलिंगड निघेल की नाही. मोटारवाल्याच्या हातात: तळ सपाट असेल तिथे वीतभर पाणी उतरलं तरी काठ शंभर पावलं मागे पळतो, तर पाइप किती घ्यायचा आणि चारी कुठून काढली तर कमी खोदावी लागेल. मासेमारांच्या हातात: बीज सोडायचं उथळ पाणी कुठलं, उन्हाळ्यात मासा आसरा घेतो ते डोह कुठले, जिथे त्या महिन्यांत जाळी नकोत. आणि पक्षी पाहणाऱ्या पोरांच्या हातात, म्हणजे गाळ काढणारी यंत्रं कुंभारगावकडे वळली तर ते नकाशावर बोट ठेवून सांगू शकतील की इथे नको, तिकडे खोदा, जागा तिकडे गेली आहे.

गावच्या लहान तळ्याला तर यातलं काही महागडं लागत नाही. राज्यात २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली. शेतकरी ट्रॉली लावून तळ्यातला गाळ शेतात नेतात आणि माळरानावर पीक उभं राहतं. काम चांगलं आहे. पण मी अशी तळी पाहिली आहेत जिथे ट्रॉली सहज पोचते तिथेच खड्डे पडले आणि गाळ साचलेला भाग तसाच राहिला. कुठे मुरूम लागेपर्यंत खोदलं आणि पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थरच निघून गेला. पुढच्या वर्षी तळं दिवाळीतच आटलं. कुठे बांधाच्या पायथ्याशी उकरलं आणि बांधच पोकळ झाला. खोदण्याआधी चार दिवस मोजलं असतं तर हे टळलं असतं. गाठी मारलेला दोर, टोकाला गाळात रुतू नये म्हणून बांधलेली जुनी थाळी, एक लांब सळई, आणि जागा टिपायला मोबाइल. दोर आजचा तळ सांगतो, सळई जुना. दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे गाळ. शाळेतली मुलं हे करू शकतात, आणि त्यांनी केलं तर ते तळं आयुष्यभर त्यांचं राहील.

दोन रेघा

दुपार कलायच्या आत मी इंजिनिअरला मोबाइलमधली मेची खूण दाखवली. तिनं होडी तिकडे वळवली. काका पुढच्या फळीवर बसले होते. बुडालेल्या गावावरून होडीतून जायची त्यांना सवय आहे, तरी ते खालीच पाहत होते, जणू हिरव्या पाण्यातून काही दिसणार होतं.

खुणेवर होडी थांबवली. यंत्र दोन आवाज सोडतं, तिनं समजावून सांगितलं. एक बारीक, सेकंदाला दोन लाख कंपनांचा; तो गाळाच्या वरच्या सायीला लागून परत येतो. दुसरा जाडा, तेहतीस हजारांचा. तो मऊ गाळात शिरतो आणि खालच्या टणक थराला लागून येतो. वाळून घट्ट झालेल्या गाळात ही दुसरी रेघ फसवते, म्हणून सळईनं खात्री करून घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबायचं नाही. इथे सळईचं माप आमच्याकडे मेपासून होतं.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. वरची ७.८ मीटरवर, ठसठशीत. खालची पुसट, ८.६ वर. मधे ऐंशी सेंटिमीटरचा राखाडी पट्टा. होडी हळूहळू सरकली तशा दोन्ही रेघा पुढे वाहत गेल्या. वरची सपाट, कंटाळवाणी, सगळीकडे सारखी. खालची मात्र उंचसखल होती. एका जागी ती चढली आणि लगेच उतरली.

"ह्यो बांध," काका म्हणाले. त्यांनी पडद्याला हात लावला नाही, पण बोट त्याच्या अगदी जवळ नेलं. "आमचा आन चुलत्याचा मधला. ह्याच्यावरनं बापाची आन चुलत्याची कोर्टकचेरी झाली हुती." मग त्यांनी मेमध्ये लावला होता तसाच हात कमरेला लावला, त्या ऐंशी सेंटिमीटरचं माप घेतल्यासारखा.

इंजिनिअरनं कळ दाबून ती ओळ साठवली. तिच्या नकाशात ती तीन हजार किलोमीटरमधली काही मीटरची ओळ असेल, कोष्टकात तिचा आकडाही दिसणार नाही. पण उद्या धरणाचा नवा हिशेब मांडला जाईल तेव्हा त्यात वरची रेघ धरली जाईल, खालची नाही. पाणी आता वरच्या रेघेवर मावतं. खालची काकांच्या वडिलांच्या शेताची.